चाकाखालचा दगड

ती गाडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सेवेतले खून, दरोडे, दंगली आता आठवायला बसावं लागतं. कोणत्या ठाण्याला असताना कोणतं प्रकरण झालं याची सरमिसळ होते. ही पांढरी गाडी मात्र न बोलावता येते आणि दर वेळी रिकामीच येते. स्टिअरिंगवर कोणी नसतं. तिच्यापायी दोन घरं बसली आणि त्यातल्या एकाही घराला मी काही देऊ शकलो नाही. नावं कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती पुरेशी जड झाली आहेत.

मी तेव्हा वरूडकडच्या संत्रापट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळ्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली की त्या ठाण्याला उसंत नसते. बाहेरच्या राज्यांतले ट्रक, मजुरांच्या टोळ्या, क्रेटच्या चोऱ्या, बागेच्या धुऱ्यावरून, बांधावरून डोकी फुटणं, हे सगळं एकदमच येतं. अशाच एका सकाळी ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, गावाबाहेरच्या एका शेडवर गाडी मागं येऊन संत्र्याचा व्यापारी जागीच गेला.

गेलेले गृहस्थ साठीच्या आसपासचे. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं, मीही इथे तेच म्हणतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. आईबाप लहानपणी गेलेला पुतण्या त्यांनी आणि काकूंनी वाढवला होता. तो आता तिशीचा होता, धंदा तोच बघायचा. घर वर, उतारावर. खाली संत्री निवडून क्रेटमध्ये भरायचं शेड आणि शेडच्या तोंडाशी ट्रक भरायचा सिमेंटचा ओटा. गाडी घराजवळ वर उभी असायची. मी पोचलो तेव्हा तिचं मागचं तोंड ओट्याला टेकलेलं होतं. काकांना बाजूला काढून सतरंजीवर ठेवलं होतं, आणि सभोवार फुटलेली संत्री इतकी की पाय ठेवायला जागा नव्हती.

पुतण्या स्वतः पुढे आला. हात जोडून म्हणाला, गाडी मी मागं घेत होतो, काका दिसले नाहीत. त्याच्या हातात त्याचं लायसन होतं. हे माझ्या तेव्हाच डोळ्यांत भरलं. बापासारखा माणूस समोर निपचित पडलेला असताना कोणी खिशातून लायसन काढून हातात धरून उभं राहत नाही; कोणीतरी सांगितल्याशिवाय नाही. त्याच्या मागे गावातली चार मोठी माणसं होती आणि त्यांच्यातले एक जाणते, निवृत्त झालेले, सगळ्यांच्या वतीनं बोलत होते. काकू घराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांचा जबाब घ्यायला माझा हवालदार गेला, तर जाणत्यांनीच मध्ये पडून सांगितलं, बाई भानावर नाही, तिनं काही पाहिलेलं नाही. हवालदारानं तसं लिहून घेतलं.

आमच्याकडे अपघातात चालक बदलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पोरगं चालवत असेल तर बाप उभा राहतो, मालक चालवत असेल तर नोकर. लायसनवाला माणूस पुढे केला की निष्काळजीपणाचं कलम लागतं, ठाण्यातच जामीन होतो, विम्याचं काम सुरळीत होतं. हे आम्हाला माहीत असतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असतं. मला वाटलं, असंच काही असेल. कोणी लायसन नसलेला पाहुणा वगैरे चालवत असेल. गुन्हा नोंदला, पंचनामा केला, पुतण्याला अटक दाखवून जामिनावर सोडलं. गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात, गंजलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत लावली. मोटार वाहन निरीक्षक आले, त्यांनी गाडी तपासली आणि यांत्रिक दोष आढळून येत नाही असा अहवाल दिला. पुढे कोर्टानं गाडी सुपुर्तनाम्यावर काकूंच्या ताब्यात दिली. अशा वेळी गाडी विकणार नाही, लागेल तेव्हा हजर करीन असं बंधपत्र लिहून घेतात. ते लिहून घेतलं.

एवढ्यावर प्रकरण संपायचं. संपलं नाही, कारण फोन आला.

फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. तो म्हणाला, तो अपघात नव्हे. त्याच दिवशी सकाळी काका-पुतण्याची हमरीतुमरी झाली, शेडवरच्या बाया साक्षीला आहेत, विचारा. असे फोन बहुधा जळण्यातून येतात. पण जळणारा माणूससुद्धा पुष्कळदा खरी गोष्ट सांगतो, म्हणून विचारावं लागतं. मी संत्री निवडणाऱ्या बायांना एकेकटीला विचारलं.  मग एकीनं सांगितलं आणि बाकीच्यांनी दुजोरा दिला. भांडण झालं होतं. काका ओरडत होते, पुतण्यानं गाडीजवळचा मोठा दगड उचलला होता आणि रागानं कुंपणापलीकडे भिरकावला होता. त्यानंतर चहा व्हायच्या आत काका गाडीखाली गेले.

आता हे सगळं जुळवून बघा. सकाळी भांडण, हातात दगड. गाडी सरळ रेषेत काकांवर गेलेली, ब्रेक दाबल्याची खूण जमिनीवर नाही. मागं घेताना कोणी हॉर्न ऐकला नाही. आणि काकांच्या मागं सगळं पुतण्याचंच. वरिष्ठांना कळवलं, सरकारी वकिलांचं मत घेतलं, आणि कलम बदललं. पुतण्याला खुनाच्या गुन्ह्यात पुन्हा अटक झाली.

चौकशी मी स्वतः केली. मारहाण करून जबाब घेणाऱ्यांपैकी मी नाही. त्यानं मिळतं ते खरं नसतं, नुसतं लवकर मिळतं. मी त्याला फक्त गाडी कशी मागं घेतली ते सांगायला लावलं. चावी कधी फिरवली? आरसा कोणता बघितला? काच खाली होती की वर? पाय कुठे होता? तो पहिल्यांदा एक सांगायचा, चहा पिऊन झाल्यावर दुसरं. ज्यानं खरंच गाडी चालवून माणूस मारला असतो त्याला तो धक्का जन्मभर पायात जाणवतो. याला पाय कुठे होता हेच सांगता येईना. मी कलम बदलल्याचं त्याला सरळ सांगितलं, त्याचा अर्थही सांगितला. 

"गाडीत कोणीच नव्हतं साहेब," तो म्हणाला. "मी शेडच्या मागच्या बाजूले होतो. चावी माया खिशात होती."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. गाडी ऑटोमॅटिक. त्याच्याच हट्टानं घेतलेली. काकांचा जन्म जीप आणि टेम्पोत गेलेला, त्या गाड्यांचा हँडब्रेक शोभेपुरता असतो. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाखाली दगड लावायचा, की झालं. नवी गाडी आल्यावर एकदोनदा काकांना दिसलं, की लिव्हर पार्किंगवर आहे, समोर तसा दिवाही लागलेला आहे, आणि तरी गाडी उतारावर हळूच सरकते. ते अमरावतीला शोरूममध्ये जाऊन सांगून आले. तिथल्या पोरांनी गाडी बघितली, काही नाही म्हणाले, लिव्हर नीट ढकलत जा म्हणून काकांनाच शिकवून परत पाठवलं. काका पुन्हा गेले. पुन्हा तेच. मग काकांनी तक्रार बंद केली आणि नदीतून एक काळा, खालून सपाट, एका बाजूनं उतरता दगड आणला. गाडी उभी राहिली की काका स्वतः वाकून तो दगड मागच्या चाकाला लावायचे.

पुतण्याला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी बाहेरगावचे मोठे व्यापारी माल बघायला यायचे होते. चकचकीत नव्या गाडीखाली टेम्पोसारखा दगड बघून ते हसतील, असं त्याला वाटलं. त्यानं दगड काढला. काका म्हणाले राहू दे. तो म्हणाला, गाडी खराब नाही, तुम्हालाच चालवता येत नाही. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि त्यानं दगड उचलून कुंपणापलीकडे टाकला. काका खाली ओट्याजवळ क्रेट मोजायला गेले.

"मी त्याईले म्हटलं, तुमी गावात हासं करून राहिले माया," तो म्हणाला. "हे शेवटचं बोलणं झालं."

मग आधी खोटं का सांगितलंस, हे मी विचारलं. त्याचं उत्तर मला ठाऊकच होतं. गावातल्या जाणत्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं: रिकामी गाडी चालली म्हटलं तर पोलीस मानणार नाहीत, उलट संशय घेतील, विमा अडेल, तुझं लायसन आहे, तू होतास म्हण, संध्याकाळी घरी येशील. खरा चालक लपवायला लोक दुसरा उभा करतात हे मी उभ्या नोकरीत बघितलं. इथे चालकच नव्हता, तरी त्यांनी सवयीनं एक उभा केला.

काकूंचा जबाब मी तेव्हा पुन्हा घेतला, घरी जाऊन, जाणत्यांना बाहेर बसवून. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. गाडी आधी जागच्या जागी थोडी हलली, मग निघाली. आत कोणी नव्हतं. त्यांनी हाक मारली, पण शेडवर मशीन चालू होतं. हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, सगळे म्हणाले यानं पोरगा वाचेल, म्हणून गप्प बसले.

माझा त्या बाईवर विश्वास बसला. पण तपास अधिकाऱ्याच्या विश्वासाला कोर्टात बसायला जागा नसते. कलम जड झालं की जबाब बदलतात, हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. आणि घरातली बाई घरच्या पोराच्या बाजूनंच बोलणार. मी शोरूमच्या व्यवस्थापकाला बोलावलं. तो गळ्यात टाय लावून आला आणि फार नम्रपणे म्हणाला, वयस्कर गिऱ्हाइकांना नव्या गाड्यांची सवय नसते साहेब, आमच्याकडे असे खूप येतात. खूप येतात, हे त्यानं हसत सांगितलं. एकाच तऱ्हेची तक्रार खूप जण करतात याचा दुसराही काही अर्थ होतो, हे त्याच्या डोक्याला शिवलंसुद्धा नाही. मी ते जबाबात घेतलं. त्याचं पुढे काही झालं नाही.

मग एकच उपाय राहिला. गाडी त्याच जागी, त्याच उतारावर, पंचांसमोर उभी करायची.

तो दुपारचा प्रसंग मी विसरायचा प्रयत्न करून पाहिला आहे. पुतण्याला कोठडीतून आणलं होतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे गाडी वर लावली, लिव्हर पार्किंगवर, इंजिन बंद, हँडब्रेक नाही, चाकाखाली काही नाही. खाली ओट्याशी रिकामे क्रेट रचले. सगळे बाजूला झाले. पंच, माझी माणसं, शेडवरच्या बाया, पायरीवर काकू. गाडी उभी. ऊन सरकलं, सावल्या लांबल्या, पंच बिड्या प्यायला लागले. गाडी शहाण्या पोरासारखी जागच्या जागी उभी होती. एक शिपाई तिच्या बॉनेटवर थाप मारून हसला, तेव्हा मी त्याला दरडावलं. पुतण्या एकटक चाकाकडे बघत होता. ज्या गाडीनं त्याचा काका मारला, ती हलावी म्हणून तो मनात कोणाकोणाची विनवणी करत होता, ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

"रोज नाई होत साहेब," तो शेवटी म्हणाला. "कवा कवाच होते."

पंचनाम्यात लिहावं लागलं: वाहन जागेवरून हलले नाही. तो कागद पुढे त्याच्या जामिनाच्या अर्जाला आडवा आला. तो अमरावतीच्या कारागृहात गेला. मी केस डायरीत दोन्ही शक्यता लिहिल्या, वरिष्ठांकडे तोंडीही बोललो. ते म्हणाले, तुम्हाला वाटतं ते ठीक आहे, पुरावा काय? पुरावा उभा होता, हलत नव्हता.

थंडी सरली. दोषारोपपत्राची मुदत जवळ येत होती आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होतो. उन्हं तापायला लागली होती, रमजान तोंडावर आला होता, तेव्हा अकोटहून माझ्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांच्याकडे एका गल्लीत उभी गाडी सुटून एक बाई गेली होती. गाडीचा नंबर संगणकात टाकला तर आधीचा गुन्हा माझ्या ठाण्याचा दिसत होता. नोंदणी अजून काकांच्याच नावावर. गाडी पांढरी आहे का, असं मी विचारलं. उगीच विचारलं.

समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. त्यांनी ती चित्रफीत पाठवली. उताराची गल्ली, वर दारासमोर गाडी. खाली शेजारच्या भिंतीलगत बाजेवर पांढरं फडकं आणि त्यावर वाळत घातलेल्या शेवया. एक बाई वाकून शेवया सारखी करते आहे. गाडी जागच्या जागी थोडी हलते, काकूंनी सांगितलं होतं तशीच. मग निघते. आत कोणी नाही. मागचा लाल दिवा लागत नाही. बाई वळून बघते, पण भिंत आणि बाज यांच्यामधून जायला वाट नसते. मग घरातून एक माणूस धावत येतो आणि त्याच्या हातात चावी असते. मी ती फीत ठाण्यात सगळ्यांसमोर पाहिली आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं.

पुतण्या सुटणार, हे पहिल्याच क्षणी कळलं होतं. त्याचा मला आनंद झाला नाही. एवढ्या महिन्यांत जो पुरावा मिळत नव्हता तो मिळाला होता, आणि तो कशानं मिळाला ते डोळ्यांसमोर होतं.

कायदेशीर सोपस्कार झाले. अकोटला त्या गाडीची तज्ज्ञांकडून खोलवर तपासणी झाली, पार्किंगवर चाकं अडवणारी आतली खीळ कधीकधी अर्धवटच बसते असं निष्पन्न झालं, मी पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि पुतण्याची सुटका झाली. त्याला घ्यायला मी कारागृहाच्या दाराशी गेलो होतो. कसा सुटलो, हे त्यानं विचारलं. सांगणं भाग होतं. तो जीपमध्ये बसलाच नाही, बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

"म्हंजे त्या बाईच्या जिवावर सुटलो मी," तो म्हणाला. एवढंच. मग उठून जीपमध्ये मागे बसला.

गाडी विकली होती काकूंनी. माणूस खाल्लेली गाडी आमच्याकडे कोणी दारात ठेवत नाही. त्यातून पोरगा तुरुंगात, वकील करायचा. त्या गाडीकडे बघून अन्न जात नाही म्हणाल्या. एका दलालानं ती नेली, जिथे कोणी ओळखत नाही अशा गावी, अकोला जिल्ह्यात. नुसत्या लिहून दिलेल्या कागदावर, बंधपत्राची अट कोणी वाचलीच नाही. ती आपोआप सरकते, हे काकूंनी दलालाला सांगितलं होतं. तो म्हणाला, हे बोलाल तर भंगारात जाईल. आणि वकिलानं बजावलं होतं, की केस उभी राहीपर्यंत गाडीविषयी बाहेर अक्षर बोलायचं नाही.

सुटकेनंतर दोनतीन दिवसांतच काकू ठाण्यात आल्या. एकट्याच. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"माया नावानं लिहा साहेब. मले ठाऊक होतं. मी पाह्यलं होतं, तरी धाडली ती गाडी दुसरीच्या दारी. जे कलम अशीन ते लावा."

मी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, बंधपत्राचा भंग झाला आहे, तेवढं होईल. बाकीचं टिकणार नाही. गाडीत दोष नाही असा सरकारी निरीक्षकाचा अहवाल होता, शोरूमचा जबाब होता, तुमचा स्वतःचा पंचनामा होता. सगळे कागद म्हणतात गाडी चांगली, मग बाईनं लपवलं काय? मी तसंच काकूंना समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांना थोडं हलकं वाटेल. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मीच बोलायचं थांबलो.

अकोटच्या पोलिसांना नोंदणीच्या मालकाच्या घरचा जबाब हवाच होता. मी काकूंना घेऊन गेलो. जबाब झाल्यावर त्या म्हणाल्या, मला त्या घरी न्या. मी नको म्हणालो, दोनदा म्हणालो. शेवटी नेलं.

गेलेल्या बाईच्या नवऱ्याचं, चित्रफितीत चावी घेऊन धावलेल्या त्या माणसाचं, बांगड्यांचं दुकान होतं. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला हळू. ईद नुकतीच होऊन गेली होती. त्या घरात ती झाल्याचं कुठेच दिसत नव्हतं. पोलिसाबरोबर आलेल्या बाईमाणसाला त्यानं आत खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. काकूंनी पदर सारखा केला आणि सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. खिडकीतून काय पाहिलं, कोणी गप्प बसायला सांगितलं, गाडी कशी विकली.  शेवटी म्हणाल्या, गाडी जाताना माझ्यानं राहवलं नाही. कुंपणापलीकडून तो दगड शोधून आणला, धुतला आणि डिक्कीत ठेवून दिला. वाटलं, ज्याच्या घरी जाईल त्याला कळेल.

 तो माणूस उठला आणि दाराबाहेर आला, म्हणून आम्हीही आलो. अकोटकडे नळाला पाणी रोज येत नाही, घरोघरी दाराशी पाण्याचे निळे ड्रम भरलेले असतात. त्याच्याही दाराशी एक होता. त्यावर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर काळा, खालून सपाट, एका बाजूनं उतरता दगड.

"हाच का?" तो म्हणाला. "गाडी आनली त्या दिवशी निंगाला होता. मी फेकूनच देत होतो. तीच म्हने, अच्छा पत्थर है, राहू द्या. वाऱ्यानं झाकन उडते, म्हनून तिनं इथं ठेवला."

गाडी उभी असायची ती जागा त्या ड्रमला लागूनच होती. वाकून हात लांब केला तरी चाक लागलं असतं.

"बाई," तो म्हणाला, "दगड देल्ला, तं कायले देल्ला हे बी सांगाचं होतं ना."

आवाज चढला नाही, शिवी नाही. त्यानं आरडाओरडा केला असता तर आम्हा दोघांनाही बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर कॉलेजांत, क्लबांत बोलायला बोलावतात आणि शेवटी हमखास विचारतात, एखाद्या केसनं तुम्हाला काय शिकवलं? या केसविषयी मी तिथे बोलत नाही. कारण शिकवण म्हणून हातात काही उरलं नाही. दुष्ट माणूस यात एकही नव्हता. काकांना खरं कळलं होतं, त्यांनी ते जाऊन सांगितलंही होतं. त्यांना गाडी चालवायला शिकवून परत पाठवलं. त्यानंतर ज्यांना ज्यांना खरं माहीत झालं, ते सगळे कोणाच्या तरी भल्यासाठी गप्प बसले. आणि माझ्याकडे आलेलं खरं मी इमानदारीनं तपासलं, तर ते उन्हात दुपारभर उभं राहिलं आणि हललं नाही. गाडीतला दोष सापडला, पण त्याबद्दल कोणाला एका दिवसाची शिक्षा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुतण्यानं धंदा सोडला. तो आता बागेतच राहतो, गावात फारसा येत नाही, आणि चाकं असलेल्या कशाच्याही पुढून किंवा मागून जात नाही, असं मला तिथल्या हवालदारानं सांगितलं.

त्या दिवशी अकोटहून निघताना काकू ड्रमपाशी थांबल्या. त्यांनी दगडावर हात ठेवला. काकांनी नदीतून निवडून आणलेला तो. न्यायचा का, असं त्यांनी त्या माणसाला विचारलं, इतक्या हळू की मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही.

तो दारातच उभा होता. म्हणाला, "राहू द्या बाई. झाकन उडते."